झोपवलेला झिरा

विश्रामकुटीविषयीच्या चौकशी अहवालात म्हटले आहे : "निवडलेल्या जागी पाण्याचा कोणताही स्रोत नव्हता. तसे वस्तीतील लोकांनीच सांगितले होते."

यातले दुसरे वाक्य खरे आहे. पहिल्याचा खोटेपणा उभा आहे तो या खरेपणाच्याच आधारावर.

धाड या बाजारगावाच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला, भोकरखोरे नावाची एक लहान वस्ती होती. 'होती' हे क्रियापद मी विचार करून वापरतो. लोक वांगी-मिरची पिकवीत आणि धाडच्या बाजारात विकत. विहीर एकच, आणि ती चैत्रातच तळ दाखवी. त्यानंतर मृगापर्यंत माणसे-गुरे जगत ती खडकातून पाझरणाऱ्या एका झिऱ्यावर. दिवाळी झाली की वस्ती हा झिरा 'झोपवी' : वर दगडी फरशी, तिच्यावर बाभळीच्या काट्यांचा ढीग. तो उघडायचा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नारळ फोडून. तोवर त्याचे नाव घ्यायचे नाही. कुणी विचारलेच तर उत्तर ठरलेले : तिथं काही नाही. झोपलेल्या पाण्याला हाक मारली तर ते उठून निघून जाते, अशी समजूत. शहाण्यांनी हिला हसावे. पण टंचाईच्या पाण्यावर याहून स्वस्त पहारा कोणत्याही खात्याला अद्याप सुचलेला नाही.

१९६५च्या हिवाळ्यात तिथे बांधकाम खात्याचे अभियंते नारायणराव आले. आराखड्याच्या कामात त्यांच्या तोडीचा माणूस जिल्ह्यात नव्हता, हे मी नाकारत नाही. खात्याला वरिष्ठ पाहुण्यांसाठी निसर्गाच्या सान्निध्यात एक लहानशी कुटी हवी होती, आणि नारायणरावांनी ती अप्रतिम कल्पिली : एकच दालन, काळ्या दगडाचे जोते, खिळा न मारता सांधलेले सागवान, आणि उशीवर डोके टेकताच फुललेला पळस दिसेल अशा उंचीवर खिडकी. एकही झाड तोडायचे नाही, ही त्यांची अट होती. झाडांविषयी ते फार हळवे होते.

वस्तीचे वडीलधारे गुलाबराव त्यांना जागा दाखवत होते. नारायणरावांनी काट्यांच्या ढिगाकडे बोट केले.

"इथं काय आहे?"

"तिथं काही नाही, साहेब."

"काही नाही, त्याच्यावर एवढ्या काट्या?"

"काही नाही ते चोरीले जाऊ नये म्हनून," गुलाबराव म्हणाले.

दोघेही हसले. अहवालातले 'लोकांनीच सांगितले' ते हे.

जोत्याच्या भिंती ढिगाभोवती चढू लागल्या तेव्हा वस्ती अस्वस्थ झाली. पण बोलायचे कुणी? "मेहकरचा मानूस हाय तो. समजते त्याले," एवढेच गुलाबराव म्हणत. मेहकरकडेही झिरे झोपवतात. मधली जागा साहेब मोकळी सोडतील, यावर वस्तीचा विश्वास होता.

विहीर आटली. कुटीच्या फरशीचे दगड येऊन पडले. तेव्हा सत्यभामाबाई एकटीच कुटीवर गेली. ती विधवा होती, दिराच्या आश्रयाने राहत होती आणि वांग्याचा एक वाफा तिच्या हक्काचा होता. दुसरबीडचा बद्रुद्दीन सुतार चौकट बसवत होता.

"या बाई. खिडकीतून पाहाचं अशीन तं अगुदर साहेब व्हा लागते," तो म्हणाला.

"मस्करी नको करू, बद्रूभाऊ. साहेब कुठी हायत?"

नारायणराव आतून आले. तिने पदर घट्ट धरला आणि वस्तीत कुणी केले नव्हते ते केले.

"साहेब, या काट्याखाली झिरा हाय. म्या नाव घेतलं, त्याचं पाप माह्यावर. पन वरून फरशी टाकू नका. आमाले दुसरं पानी नाही."

"गुलाबराव तर म्हणाले, काही नाही."

"तसंच म्हना लागते. तुमाले काय सांगाचं? तुमी तं मेहकरचे."

"बघतो," नारायणराव म्हणाले.

शासकीय मराठीत 'बघतो' या शब्दाचा डोळ्यांशी संबंध नसतो. दुसऱ्या दिवशी फरशी बसली.

आखाजीला वस्ती नारळ घेऊन कुटीच्या दाराशी उभी राहिली. नारायणरावांनी हुज्जत घातली नाही. उदारपणे मधली एक फरशी उचलून दाखवली. खाली खडी आणि चुना, कोरडा ठणठणीत. गुलाबराव बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग त्यांनी मान वर केली, ती नारायणरावांकडे नव्हे, आपल्याच माणसांकडे.

"नाव कोनं घेतलं?"

बद्रुद्दीनने खाली पाहिले.

"म्या," सत्यभामाबाई म्हणाली.

त्यानंतर त्या दाराशी नारायणराव नावाचा मनुष्य जणू उरलाच नाही. पाणी का गेले, याचे उत्तर वस्तीला मिळाले होते. गुरे धाडच्या बाजारात विकली गेली, घरांना कड्या लागल्या, बैलगाड्या निघाल्या. दिराच्या गाडीत सामानाला जागा होती; तिला नव्हती. वाटेवरच्या गावांतही तिच्या आधी तिची ख्याती पोचली. कुणी तिला पाणवठ्यावर उभे राहू देईना.

वस्ती उठल्यावर नेमलेल्या चौकशी समितीत मी बिनसरकारी सभासद होतो. सत्यभामाबाईला बोलावले तेव्हा ती उंबऱ्याबाहेरच बसली आणि म्हणाली, "म्या हाक मारली, म्हनून गेलं." अध्यक्षांना हे वाक्य फार आवडले. अंधश्रद्धेचा असा आयता पुरावा रोज मिळत नाही. ते अहवालात शब्दशः आले आहे.

त्याच दिवशी, ती निघून गेल्यावर, मी नारायणरावांना एकच प्रश्न विचारला : बाई सांगून गेल्यावर तुम्ही काय केलेत? त्यांचे उत्तर 'विषयाशी अप्रस्तुत' ठरवून वगळण्यात आले. ते तिच्यापर्यंत पोचवायला मी तिला तीन तालुक्यांत शोधले. ती सापडली नाही. म्हणून ते इथे देतो, एकही शब्द न बदलता :

"ती गेल्यावर मी स्वतः काट्या बाजूला केल्या आणि झिऱ्यावरची फरशी उचलली. पाणी होते. हातभर खोल, स्वच्छ. जोते थोडे सरकवले असते तर झिरा वाचला असता. पण मग आराखडा बिघडला असता. मी उभे राहून त्यात खडी आणि चुना भरून घेतला. आखाजीला गुलाबरावांनी 'नाव कोनं घेतलं' असे विचारले, तेव्हा मला हायसे वाटले. मी तिकडचाच आहे. या प्रश्नानंतर मला कुणी काही विचारणार नाही, हे मला माहीत होते."