ठेक्याची गाडी

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. सरकारी बसगाड्या पुरेनात, म्हणून पिंपरीकडच्या रस्त्यांवर दौलतरावांच्या गाड्या ठेक्यानं लावल्या. कंडक्टर सरकारचा, गाडी आणि ड्रायव्हर दौलतरावांचे. आणि पैसे कशावर? तर फेऱ्यांवर! गाडीत माणसं कोंबलेली असोत नाहीतर नुसती बाकडी, फेरी झाली म्हणजे झालं. आता सांगा, असल्या कारभारात थांब्यावर हात करून उभ्या राहिलेल्या माणसाला कोण विचारतो?

करीमची उमर गॅरेजात गाड्यांखाली आडवं पडण्यात गेली होती. ठेक्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला, तेव्हा त्याच्या आईनं, मदिनाबीनं, रहाटणीत घरोघर शिरा वाटला. "माझ्या करीमची गाडी," असंच म्हणायची ती. गाडी दौलतरावांची आहे, हे म्हातारीला कोण समजावणार!

दौलतरावांनी सुरुवातीलाच दम भरला होता, "फेरी बुडाली की परत गॅरेजात जायचं. काय?"

मग करीम मधले थांबे गाळू लागला. आधी आधी जिवावर यायचं. पण ठेक्याच्या बाकीच्या ड्रायव्हरांनी त्याला अक्कल शिकवली. थांबा आला की तिकडं बघायचंच नाही, कारण माणसाचं तोंड दिसलं की पाय ब्रेकवर जातो. करीम ते पक्कं शिकला. कंडक्टर भैरू घंटीची दोरी ओढून कावायचा. "अरे, माणसं आहेत रे ती!"

"भैरूभाऊ, तुमची नोकरी सरकारी आहे," करीम म्हणायचा. भैरू पुढची तिकिटं फाडायला लागायचा.

त्या दिवशी दापोडीजवळ ट्रक आडवा झाला आणि फेरी रखडली. करीम घामाघूम. डोळ्यांपुढं गॅरेज नाचत होतं. रहाटणीचा थांबा आला तशी भैरूनं घंटी वाजवली, वाजवतच राहिला.

"थांब रे! म्हातारी बाई आहे, उभं राहवत नाही तिला."

"म्हाताऱ्या रोजच असतात," करीम म्हणाला. मान वळवली नाही त्यानं. गाडी धुरळा उडवत पिंपरीला गेली.

परतताना रहाटणीत माणसं रस्त्यावरच गोळा झालेली. करीमचं डोकं फिरलं. त्यानं हॉर्नवर हात दाबून धरला. "बाजूला व्हा की! मरायचंय का?"

कुणी हललं नाही. गर्दीतून शेजारची कुसुमताई पुढं आली, रडत रडत. करीमनं गाडी बंद केली आणि खाली उडी मारली. थांब्याच्या दगडाला टेकवून ठेवलेली मदिनाबी त्याला दिसली. अंगावर कुणीतरी लुगडं पांघरलं होतं.

"सकाळी तू गेलास आणि दमा उसळला रे," कुसुमताई सांगू लागली. "दवाखान्यात न्यायला निघालो. एक टेम्पो थांबला होता, किती विनवलं मी! तर म्हणाल्या, न्हाई, माझ्या करीमची गाडी येतीय. तू आलास, गेलास. मी बोलले तुला वाटेल ते. त्या माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, त्याला दिसले नसेन मी, आता फिरून येईल तेव्हा थांबेल."

करीम आईच्या पायाशी बसला.

"खरंच दिसल्या नाहीत का रे तुला?"

"न्हाई दिसली," करीम म्हणाला, आणि त्यानं हंबरडा फोडला.