दोन वाजताचा आकडा

मित्रांनो, आधीच सांगतो, मला काखेत धरायला जाऊ नका. मी तापाचा थर्मामीटर नव्हे. मी हवा मोजतो. वीतभर लाकडी पाटीवर ठोकलेला जुना माणूस आहे मी, आणि माझी उभी हयात फुटबॉलच्या मैदानावर गेली.

माझा जन्म काचेच्या भट्टीपाशी झाला. एका कारागीर बाईनं नळी फुंकून माझा फुगा केला, त्यात लाल द्रव भरला आणि मला वितळत्या बर्फात उभं केलं. लाल रेघ जिथं थांबली तिथं तिनं शून्य लिहिलं. "आता तुला कुणी सांगायचं नाही, तूच सांगायचं," असं ती म्हणाली. ती प्रत्येकालाच असं म्हणत असेल. मी मात्र ते मनावर घेतलं.

पहिली अठरा वर्षं मी उघड्या मैदानाच्या कडेला, जाळीच्या पांढऱ्या पेटीत काढली. मैदान राखायला एक बाई होती. खेळाडू, पंच, फाटकावरचा माणूस, सगळे तिला मावशी म्हणत. रोज सकाळी ती माझी काच पुसायची, मला वाचायची आणि गवताला किती पाणी सोडायचं ते ठरवायची. आमच्याकडे वारा असा यायचा, की टोपी सांभाळावी की चेंडू हे पाहुण्या संघाला उमजायचं नाही. आम्ही जिंकलो की लोक म्हणायचे, वारा आपल्या बाजूचा आहे. हरलो की वाऱ्याचं कुणी नाव काढायचं नाही. मी सगळं बघत होतो. वाऱ्याला बाजू नव्हती.

मग क्लबला नवे सेक्रेटरी आले आणि त्यांनी मैदानावर सरकतं छत बसवलं. त्या दिवसापासून लोक त्यांना छप्परसाहेब म्हणू लागले, अर्थात पाठीमागं.

"छत बंद केलं की आवाज आत कोंडतो," ते सांगायचे. "पाहुण्यांचे पाय लटपटतात. याला म्हणतात घरच्या मैदानाचा फायदा!"

"साहेब, गोल आवाज मारतो की पोरी मारतात?" मावशीनं विचारलं.

"तुम्ही गवत बघा."

"गवतच बघतेय. त्याला ऊन लागतं."

हसणारे हसले, पण छत बंदच राहिलं. मुलींच्या संघाचा सरावसुद्धा छताखालीच व्हायला लागला. एक दिवस तरी उघड्यावर खेळवा, असं मावशी दर आठवड्याला सांगायची. प्रशिक्षक मान हलवायचे आणि दिव्यांचं बटण दाबायचे.

या संघाची गोलरक्षक म्हणजे मावशीची सख्खी भाची. बाकी सगळ्यांची ती मावशी मानलेली, हिची रक्ताची. पोरीला सगळे भिंत म्हणायचे, कारण तिच्यापासून चेंडू परत यायचा. मलाही ती फार आवडायची, खोटं कशाला बोलू?

छतामुळे मला मात्र मान मिळाला. पेटीतून काढून मला खेळाडूंच्या दाराबाहेर टांगलं, कारण स्पर्धेचा नियमच तसा होता. सामन्याच्या दोन तास आधी, तिथं, पंच आणि पाहुण्या संघाची मॅनेजर यांच्यासमोर मावशीनं मला मोठ्यानं वाचायचं. दहा अंश किंवा त्याखाली असेल, तर यजमान क्लबला छत बंद करता येईल. दहाच्या वर असेल, तर छत उघडं. आमचा हंगाम थंडीचा, त्यामुळे बहुतेक वेळा मी दहाच्या खालीच असायचो.

हंगामाचा शेवटचा सामना चार वाजता होता. आमच्या मुली तळाला होत्या. हरल्या तर खालच्या गटात जाणार होत्या, बरोबरी चालणार होती. आणि खालच्या गटात गेलेला संघ क्लब ठेवणार नाही, असा कागद छप्परसाहेबांनी आठवड्यापूर्वीच फळ्यावर लावला होता. म्हणजे हरल्या की संपलं, बूट खुंटीला.

दोनला पाच मिनिटं कमी होती. मी अकरावर होतो. छप्परसाहेब एकटेच आले. इकडंतिकडं बघितलं. खिशातून त्यांनी बर्फाची पिशवी काढली, मुरगळलेल्या घोट्याला लावतात ती, आणि माझ्या फुग्यावर दाबली.

मित्रांनो, माणसाला स्वतः खोटं बोलायची लाज वाटते, पण दुसऱ्याच्या तोंडून बोलवून घ्यायची वाटत नाही. ज्या बर्फानं मला खरं बोलायला शिकवलं, त्याच बर्फानं माझी मान मुरगळली. दहा. आठ. सहा. साहेब पिशवी लपवून दाराआड गेले आणि लगेच सगळ्यांना घेऊन आले. पंच बाई होत्या. पाहुण्यांची मॅनेजर सर्दीनं बेजार, नाकाला रुमाल. मागं आमची गोलरक्षक भिंत, हातात तिचे हातमोजे.

"वाचा मावशी," साहेब म्हणाले. "खणखणीत वाचा."

मावशी माझ्यापाशी वाकली. तिनं माझ्या लाकडावरून बोट फिरवलं आणि ते बोट बघितलं.

"हा ओला आहे."

"दव असेल."

"भर दुपारी दोनला दव? साहेब, दवाला तरी काही वेळकाळ असते."

"मावशी, सात आहे," भिंत पुढं होऊन म्हणाली. "सगळ्यांना सात दिसतंय. वाच ना!"

"दिसतंय गं. पण आहे का?"

मावशीनं बाही ओढून माझा फुगा कोरडा केला. मग पंच बाईंकडे वळून म्हणाली, "दहा मिनिटं द्या. याला खोटं फार वेळ धरवत नाही."

"या बाई श्वास सोडून आकडा चढवतील!" साहेब ओरडले.

"मग सगळेच चार पावलं मागं या. माझा श्वाससुद्धा नको त्याला."

सगळे मागं सरले. पंच बाईंनी घड्याळ धरलं. मी चढायला लागलो. आठ. नऊ. कुणी हलत नव्हतं. सर्दीवाल्या मॅनेजरनं शिंक दाबून धरली. दहावर माझी रेघ रेंगाळली.

"दहा!" साहेब पुढं झेपावले. "दहा म्हणजे बंद! लिहा!"

"अजून तीन मिनिटं आहेत," पंच बाई म्हणाल्या.

मावशीनं भाचीकडं बघितलं नाही. भाची मात्र माझ्याकडेच बघत होती, डोळ्यांत प्राण आणून. मित्रांनो, मला थांबता आलं असतं ना, तर त्या पोरीसाठी मी तिथंच थांबलो असतो. एवढा काही मी संत नाही. पण हवा त्याहून गरम होती आणि मी काचेचा होतो. रेघ दहाच्या खुणेवरून सरकली, अर्धा अंश, आणखी थोडी, आणि अकराला टेकली.

"अकरा," मावशी म्हणाली. पंच बाईंनी ते लिहून घेतलं.

छत उघडं राहिलं. चार वाजता वारा सुटला.

माझ्या जागेवरून मैदानाचा एकच गोलपोस्ट दिसायचा. उत्तरार्धात तिथं भिंत उभी होती. तिनं किती चेंडू अडवले मोजलं नाही, मला अंशांखेरीज मोजता येत नाही. पाच मिनिटं उरली आणि अजून कुणाचाच गोल नव्हता. मग मैदानाच्या मधूनच कुणीतरी एक उंच चेंडू मारला. भिंत तो पकडायला धावत पुढं आली. छताखाली तो तिच्या हातात अलगद पडला असता. वाऱ्यानं तो वरच अडवला, क्षणभर धरला आणि तिच्या पुढ्यात सोडला. टप्पा पडून चेंडू तिच्या डोक्यावरून गेला.

एक-शून्य. हरलो.

दाराशी ती मावशीवर तुटून पडली. "तुझ्या एका आकड्यानं घालवलं सगळं! सात म्हणाली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"गोल आकड्यानं नाही झाला. तू पुढं धावलीस म्हणून झाला."

"वारा होता!"

"त्यांच्या गोलकीपरला नव्हता? तुला दोन वर्षं डब्यात झाकून ठेवलं, त्याचा राग खुशाल माझ्यावर काढ, त्या बर्फवाल्या साहेबांवर नको काढूस."

भिंत तडक निघून गेली. मावशीनं माझी काच पुसली. पुसलेलीच काच तिनं पुन्हा पुसली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन कागद लागले. एकात लिहिलं होतं, हवामानानं आमचा घरच्या मैदानाचा फायदा हिरावला. दुसऱ्यात संघ बंद. बर्फाच्या पिशवीबद्दल एक अक्षर नव्हतं. मावशीचं वय झालं असं अचानक सगळ्यांच्या लक्षात आलं आणि तिला गावाबाहेरच्या सरावाच्या मैदानावर धाडलं. माझ्या जागी एक यंत्र बसलं. मला झाडूंच्या खोलीत टाकलं, तिथून मावशीनं कोटाखाली घालून नेलं. माझी पाटी चिरली आहे. काच शाबूत आहे.

तीन आठवडे कुणी आलं नाही. एका सकाळी कुंपणाचं दार करकरलं. भिंत होती, मागं आठ पोरी. माफीबिफी कुणी मागितली नाही. वारा जोरात होता.

"मावशी, उंच चेंडू मार," भिंत म्हणाली. "आणि मी चुकले की बोलायचं नाही."

"चुकलीस की बोलणारच."

"बरं, बोल. पण मार."

पहिले सात चेंडू सुटले. आठवा तिच्या हाताला लागून बाहेर गेला. तो संघ क्लबचा नाही, त्याला नाव नाही, छत तर नाहीच. पण त्या येतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेच्या भिंतीवर माझ्या जातीचं कुणी टांगलेलं असेल, तर त्याच्यावर धूळ साचू देऊ नका, ऊन लागू देऊ नका, आणि फुग्याला बोट लावू नका. आकडा नाही आवडला, तर स्वेटर घाला. नाहीतर कुडकुडत खेळा. माझ्या अंगाला बर्फ लावू नका.