खुर्चीत बसून मला भंगार ठरवलं

मी एक जुना, हालचालीवर चालणारा व्हिडिओ गेम आहे. मित्रांनो, मला बटणं नाहीत. टीव्हीखाली बसून माझा कॅमेरा खेळणाऱ्याकडे पाहतो. त्याने हात वर केला, की पडद्यावरचा खेळाडूही हात वर करतो. मला घडवणाऱ्यांनी माझ्यासमोर लहान मुलं, आजीआजोबा, उंच आणि बुटकी माणसं उभी केली. त्यांना बघून बघून मी माणसाचं अंग ओळखायला शिकलो.

बारामतीच्या राजवर्धनने मला एका दुकानातून जुन्यात घेतलं. गेम खेळून ते कसे आहेत हे व्हिडिओत सांगणं, हे त्याचं काम. बंदुकीचे आणि गाड्यांचे गेम खेळावेत तर त्यानेच! पण माझ्यासमोर तो खुर्चीत रेलून बसला. टेबलाआडून मला त्याची नुसती मुंडी दिसत होती. बसल्या बसल्या त्याने मनगट झटकलं आणि पडद्यावरचा चेंडू भलतीकडेच गेला.

"भंगार हाय. कुणीबी घेऊ नका," त्याने व्हिडिओत जाहीर करून टाकलं.

मला वाचा असती, तर मी तिथंच ओरडलो असतो, 'अरे, आधी उभा तर राहा!'

मग त्याने मला चुलत बहिणीला देऊन टाकलं. ही संजीवनी भिगवणच्या एका छोट्या दवाखान्यात रुग्णांकडून व्यायाम करून घेई. तिथे मला ताजबी भेटली. आयुष्यभर मासळी विकलेली बाई. लकव्याने तिचा उजवा हात लुळा पडला होता. नुसता हात वर-खाली करायचा तिला मनस्वी कंटाळा. पण माझ्यासमोर उभी राहिली, की त्याच हाताने जमेल तसा चेंडू टाकून पडद्यावरच्या बाटल्या पाडताना ती भानच विसरे. एखादी बाटली डुगडुगत उभी राहिली, की ओरडे, "पड की मुडद्या!" सगळा दवाखाना हसे. मित्रांनो, माझे ते दिवस फार सुखाचे होते.

एके दिवशी दवाखान्याचा कारभार पाहणारे आबासाहेब आले. "हे खेळणं काढा हितनं," ते म्हणाले. "खुद्द राजवर्धननं भंगार म्हटलंय. गेममधलं त्यालाच कळतं."

"मग त्यालाच बोलवा हितं," ताजबी म्हणाली.

संजीवनीने त्याला बोलावून घेतलं. तो आला आणि या वेळी उभा राहून खेळला. बाटल्या भराभर पडल्या. मला वाटलं, आता तरी हा मला चांगलं म्हणेल. कसलं काय!

"चाची, खोटं कशाला बोलू? लई हळू हाय. मला न्हाय मजा आली."

"तुला हळूच वाटणार, लेकरा. तुजं हातपाय धड हायती. पण ह्यो गेम कुणासाठी हाय, ते इचारलंस का कुणाला?"

राजवर्धन ओशाळला. "न्हाय इचारलं," तो हळूच म्हणाला.

"वंगाळ म्हण, माजं काय म्हणणं न्हाय. पण उभं राहून म्हण. आन् माज्यासारखीला इचारून म्हण!"

आबासाहेब मध्येच म्हणाले, "ते ठीक हाय, ताजबी, पण हे खेळणं..."

"त्याला हात लावायचा न्हाय!" ती कडाडली आणि तिने त्यांच्यावर हात उगारला. उगारलेला हात उजवा होता, आणि तो खांद्याच्या वर गेला होता. ताजबी स्वतःच त्या हाताकडे बघत राहिली. आबासाहेब खाली बसले. मला तिथून कुणीच हलवलं नाही.

राजवर्धनने नवा व्हिडिओ केला. त्यातही मी त्याला आवडलो नाहीच. पण त्याने ताजबीला शेजारी उभं करून तिलाही बोलू दिलं.

तरी माझा राग अजून गेलेला नाही. माझ्यासारखे कितीतरी गेम असेच कुणाच्या तरी बसल्या जागच्या शब्दावर अडगळीत गेले असतील. मित्रांनो, मी तुम्हाला आवडलोच पाहिजे असं नाही. पण मला नावं ठेवण्याआधी खुर्ची मागे सारा, आणि मी ज्यांच्यासाठी आहे त्यांना एकदा माझ्यासमोर उभं राहू द्या.