संपाच्या दिवशी व्हायवा

मजूर आणि अमेरिकेचं राजकारण यावर जाडजूड प्रबंध लिहिणाऱ्या मार्लेनाला व्हायवाचा, म्हणजे डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेचा, दिवस मिळाला तोही असा, की नेमका त्याच सकाळी विद्यापीठातल्या सफाई कामगारांनी संप पुकारला! विभागाच्या पायऱ्यांसमोर ते फलक घेऊन गोल फिरत होते. संपकऱ्यांची रांग ओलांडून आत जायचं नाही, हे ओहायोच्या पोलादाच्या गावात वाढलेल्या पोरीला वेगळं शिकवावं लागत नाही.

तिचे मार्गदर्शक व्हिटकॉम्बसर फोनवर म्हणाले, "मागच्या दाराने ये, तिथे कोणी नाही. बाहेरचे परीक्षक दुपारच्या विमानाने जातायत. आज राहिलं तर डॉक्टरेटवर अडलेली तुझी ती प्राध्यापकाची नोकरी गेलीच म्हणून समज."

वडिलांनी गाडी बंद केली. स्टॅन ह्राबोव्स्की जन्मभर भट्टीवर राबलेले. आज लेकीसाठी सूट चढवून, अक्रोडाच्या रोलचा डबा घेऊन आले होते.

"जा ना, बघत काय बसलीस?"

"आणि तुम्ही?"

"मी बसतो गाडीतच. तुझं ते भाषण फोनवर ऐकून ऐकून मला पाठ झालंय."

ती मागे गेली. दार उघडंच होतं. मागच्या दाराला रांग नाही म्हणजे आपण काही मोडत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. शिकलेल्या माणसाला ते फार छान जमतं. पण पाय काही उचलेना. बाबांना निदान दारापर्यंत तरी आणावं म्हणून ती परतली, तर गाडी रिकामी. सुटातले बाबा फलक धरून रांगेत चालत होते आणि अक्रोडाचा रोल संपकऱ्यांमध्ये हातोहात संपत होता.

"तू इथे काय करतेयस?" ते खेकसले. "अगं, मी तुझ्या वाटणीचं चालतोय! घरातलं एक माणूस बाहेर आहे ना, तू खुशाल आत जा."

मार्लेनाला भडभडून आलं. ज्यांनी कधी रांग मोडली नाही, त्यांनी तिच्यासाठी ही पळवाट शोधली होती. तिने सरांना फोन लावला. "सर, मी येत नाही. खिडकीतून बघा, समोरच आहे."

"आणि नोकरी?" बाबांनी विचारलं.

"गेली बहुतेक."

"अक्कल गहाण ठेवलीस का गं? एवढी वर्षं..."

"ठेवली असेल. सरका जरा."

बाबांनी आपला फलक तिच्या हातात दिला, सुटाच्या बाहीला डोळे पुसले आणि पुढच्या माणसाला म्हणाले, "ही माझी पोरगी. आज डॉक्टर होणार होती."