एक्सरे काकूंच्या नावाने

आईचा फोन बंद करून टाक, असं मामांनी लेकीला पुन्हा पुन्हा सांगितलं. तिने तो बंद केला नाही. बँकेचे निरोप येतात, कोणाला कळवायचं राहिलं असेल, अशी कारणं ती सांगत राहिली. त्यातलं एकही खोटं नव्हतं, पण फोन ती रोज चार्जिंगला लावत होती ते त्यासाठी नव्हे.

आई गेली त्याच आठवड्यात हे सुरू झालं. संध्याकाळी भेटायला आलेली माणसं उठून गेली होती. लेक कप गोळा करत होती, तेवढ्यात टेबलावर आईचा फोन थरथरला. ‘नळकाका’ अशा नावाने कोणाचा तरी निरोप होता. ‘काकू, सोडा म्हणा की आता. सगळे ताटकळलेत. माझा तर जीव गुदमरला.’

आईने उभा जन्म दवाखान्यात एक्सरे काढले. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, हे तीन हुकूम तिच्या तोंडात इतके बसले होते की घरी पाहुण्यांना सरबत देतानाही एखादा निसटायचा. निवृत्त झाल्यावर ती ‘सातवा तळ’ नावाच्या मालिकेच्या नादी लागली. दूर अवकाशात तरंगणारं स्थानक, त्यावर अडकून पडलेली माणसं आणि त्यांची पडेल ती कामं करणारा यंत्रमानव. त्याला प्रेक्षक लाडाने ‘डबा’ म्हणत. मालिका पाहणाऱ्यांचा फोनवर एक गट होता. त्यात कोणीतरी एकदा उतावीळपणे शेवट फोडला आणि ज्यांचा भाग बघायचा राहिला होता ते त्याच्या अंगावर धावून गेले. तेव्हा आईने नियम घालून दिला. भाग सुरू होताना ती लिहायची, ‘श्वास घ्या, धरून ठेवा.’ मग सगळ्यांचं पाहून होईपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. आईने ‘सोडा’ म्हटलं की मगच तोंडं उघडायची.

त्या संध्याकाळी सुरुवातीचा हुकूम आलाच नव्हता. काकू विसरल्या असतील असं धरून मंडळी तरीही तोंडाला कुलूप लावून बसली होती.

लेकीने ‘आई गेली’ एवढं लिहिलं. ते खोडलं. मग ‘सोडा’ असं लिहून पाठवून दिलं.

निरोपांची एकच झुंबड उडाली.

‘हवा संपत आलीय आणि ही कप्तानबाई दार उघडते! डोकं गहाण ठेवलंय का?’

‘तिला कशाला बोल लावता? कथा लिहिणाऱ्यांचीच हवा संपलीय.’

‘नळ सुटला का हो आज? रडलात ना?’

‘सुटला. पहिल्या जाहिरातीच्या आधीच,’ हे नळकाकांचं.

‘काकू, आज कोणाचं हाड दुखतंय?’

या प्रश्नाचा अर्थ तिला जुने निरोप वाचून कळला. कोण मरणार, कोणाचं कोणाशी जुळणार, यावर बाकीचे डोकं फोडत. आई मात्र पात्रांच्या चालण्याकडे बघे. कप्तानबाई डाव्या पायावर भार टाकत नाही, तिचा गुडघा बघायला हवा, असं काहीतरी लिही. लेकीने उत्तर दिलं, ‘आज बरं वाटत नाही, पुढच्या वेळी सांगते.’

‘काळजी घ्या काकू.’ ‘गरम काहीतरी प्या.’ ‘आणि औषध टाळू नका, तुम्ही टाळता.’

सगळा आठवडा लोक आईबद्दल ‘होती, होती’ असंच बोलत होते. इथे तिला औषध घ्यायला सांगत होते. लेकीने ते निरोप किती वेळा वाचले कोण जाणे.

मग ती मालिका बघू लागली. आई असताना कधी बघितली नव्हती. ती शाळेची पुस्तकं तपासायच्या कामावर होती, घरात पुस्तकांना जागा पुरत नव्हती, आणि आईच्या खोलीतून स्फोटांचे आवाज आले की नाक मुरडून दार लोटून घ्यायची. एकदा म्हणालीही होती, ‘जगभरची पुस्तकं घरात पडलीत आई, आणि तू पत्र्याचे डबे बघत बसतेस.’

आई हसून म्हणाली होती, ‘तुझ्या पुस्तकांतली माणसं तरी कुठे हाडामांसाची असतात गं? असती तर त्यांची हाडं मी बघितली असती की.’

आता ती वही-पेन्सिल बाजूला सारून कप्तानबाईच्या गुडघ्याकडे बघत बसे. दर आठवड्याला आईच्या नावाने हुकूम सोडी, एखादं हाडही शोधून काढी. लोकांना ते पटे. ते पटलं की तिला बरं वाटे, आणि फोन ठेवला की स्वतःची किळस येई.

त्यानंतर तो भाग आला. माणसांना श्वासापुरती वीज मिळावी म्हणून डब्याने स्वतःचे दिवे एकेक करून मालवले आणि शेवटी स्वतःलाच बंद केलं. त्याच दुपारी लेकीने आईचे कपडे देऊन टाकले होते. रिकामं कपाट उघडं होतं, ते लावायचंही तिला सुचलं नव्हतं.

‘सोडा’ म्हटल्यावर गटात रडारड सुरू झाली. टाचणी नावाची मुलगी होती, शिवणाच्या दुकानात काम करायची, नेहमी सगळ्यांना टोचून बोलायची. तीही म्हणाली, ‘आज मस्करी नको.’ मग नळकाकांचा निरोप आला. ‘दुकान लवकर बंद करून बसलोय. कोणाशी बोलवत नाही. घरचंच माणूस गेल्यासारखं वाटतंय.’

लेकीच्या डोक्यात सणक गेली. तिने धाडधाड लिहिलं, ‘पत्र्याच्या डब्यासाठी एवढं? घरचं माणूस जातं तेव्हा काय होतं, ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का?’

ते वाक्य आईच्या हसऱ्या फोटोशेजारी जाऊन बसलं.

बऱ्याच वेळाने नळकाकांनी लिहिलं, ‘चुकलं काकू.’

टाचणीने फोन केला. लेकीने तो उचलला नाही. मग टाचणीचा वेगळा निरोप आला. ‘काकू, तुम्ही? तुम्ही त्यांना असं म्हणालात? त्यांची बायको आजारपणात तुमच्याकडेच यायची ना एक्सरेला? ती गेल्यावर माणूस दार लावून बसला होता. तुम्हीच हाताला धरून गटात आणलंत. तो रडला की तुम्हीच म्हणायचात, वाहू दे, गंज निघतो.’

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तिने फोन हातात घेतला आणि थांबली. माफीही आईच्याच नावाने गेली असती. जे आई कधी बोललीच नाही, त्याची माफी आईने का मागायची?

नळकाकांच्या नंबराखाली दुकानाचा पत्ता होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथे गेली. चिंचोळं दुकान, भिंतीला टेकवलेले पाइप, रबराच्या चकत्यांचा वास. एक जाडजूड गृहस्थ लोखंडी शिकंज्यात पाइप पकडून त्याला आटे पाडत होते. वर न बघता म्हणाले, ‘काय गळतंय?’

‘मी एक्सरे काकूंची मुलगी.’

ते उठले. हात पुसायला फडकं शोधू लागले. ‘या, या ना. काकूंनी पाठवलं का? अहो, त्यांना सांगा, मी मुळीच रागावलो नाही. त्यांचं बरोबरच होतं. या वयात असलं रडणं शोभतं का? त्यांनी मनाला लावून घेतलं असेल, मला रात्रभर...’

‘आई गेली,’ ती म्हणाली. ‘डबा बंद पडला त्याच्या बऱ्याच आधी. ते वाक्य माझं आहे. मी लिहिलं.’

नळकाकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तिने तो उतरताना स्पष्ट पाहिला.

‘म्हणजे काकू तसं म्हणाल्या नव्हत्या,’ ते म्हणाले.

‘नाही.’

‘मला वाटलंच.’ मग मान हलवून म्हणाले, ‘नाही, वाटलं नव्हतं. मी खरंच धरलं होतं.’

त्यानंतर बाकीचं त्यांच्यापर्यंत पोचलं. ते पाइपच्या वेटोळ्यावर बसले. मालिकेतल्या दिव्यासाठी रडणारा हा माणूस, पण आता त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

‘त्या गेल्याचं तुम्ही सांगितलंत,’ ते हळू म्हणाले, ‘आणि मला आधी सुटल्यासारखं वाटलं, बाई. आधी बरं वाटलं. काय करून ठेवलंत हे?’

जे लिहून आणलं होतं ते तिने पुढे केलं. ‘गटाला कळवायचंय. हे पाठवू का?’

त्यांनी चष्मा लावून वाचलं. आईच्या निधनाची बातमी, मग आजारपण, आणि अगदी शेवटी, दुःखाच्या भरात हातून घडलेल्या चुकीबद्दल एक ओळ. लेकीने ती ओळ पुन्हा पुन्हा घासूनपुसून बसवली होती.

‘असं नको,’ ते म्हणाले. ‘हे वाचलं की सगळे तुम्हालाच सावरायला धावतील. मग ते वाक्य तसंच राहील, काकूंच्या नावावर. आधी ते कोणाचं ते लिहा. मग थांबा. गेल्याचं नंतर.’

‘किती थांबू?’

‘ऐकून घेऊन होईपर्यंत.’

तिने उभ्याउभ्याच लिहिलं. ‘नळकाकांना जे लिहिलं ते काकूंनी नाही लिहिलं. मी त्यांची मुलगी. बरेच दिवस त्यांच्या फोनवरून, त्यांच्या नावाने मीच लिहिते आहे.’

मग एकावर एक येऊ लागलं.

‘म्हणजे इतके दिवस आम्ही कोणाशी बोलत होतो?’

‘काकूंना ठाऊक आहे का हे?’

‘आईच्या आडून लोकांना डागण्या द्यायच्या? शिकलेल्या दिसता!’

टाचणीचा निरोप सगळ्यांत मोठा होता. ‘त्या बाईने कधी कोणाला वाकडा शब्द ऐकवला नाही. मी इतकी तोंडाळ, मलासुद्धा नाही. तिचं नाव असं वापरताना तुम्हाला लाज नाही वाटली?’

लेकीने एकही ओळ गाळली नाही. घरी भेटायला आलेल्या माणसांनी तिची विचारपूस केली होती, खांद्यावर हात ठेवला होता. आईची बाजू घेऊन भांडायला कोणी आलं नव्हतं. हे लोक तिच्याशी आईसाठी भांडत होते, आणि त्यांना अजून हेही माहीत नव्हतं, की ज्या बाईसाठी भांडतो आहोत ती उरलेली नाही. ते आपल्याला माहीत असून आपण गप्प आहोत, याने तिची मान आणखीच खाली गेली.

फोन पुन्हा थरथरला. टाचणीच होती.

‘तुमच्याशी नाही बोलायचं मला. काकूंना फोन द्या. आत्ताच्या आत्ता.’

नळकाकाही आपल्या फोनवर तेच वाचत होते. त्यांनी चष्मा काढला.

‘आता लिहा,’ ते म्हणाले.