खालची पायरी

मित्रांनो, मी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला एक जुना जिना आहे. संगमरवरी पायऱ्या, लोखंडी कठडा, भिंतींना वरपर्यंत पांढऱ्या फरशा. मला स्वतःचा आवाज नाही. कुणी दिलेला आवाज मी थोडा मोठा करून, थोडा उशिराने परत करतो.

त्या काळी आमच्याकडची पोरं कोपऱ्याकोपऱ्यावर वाद्यांवाचून, नुसत्या गळ्यांनी गात आणि आपल्या टोळक्याला एखाद्या पक्ष्याचं नाव ठेवीत. थंडी पडली की ती माझ्याकडे येत. माझी चौघं होती. सर्वांत वर टिपेच्या आवाजाचा अलोंझो, मध्ये क्लेटस आणि विलार्ड, आणि खालच्या पायरीवर खर्जाचा रॉस्को. सुरुवात त्याची. 'डूम, डूम' असा त्याने पाया घातला की बाकीचे त्यावर उभे राहत. त्याच्या पायरीवर दुसऱ्या कुणी उभं राहून गायचं नाही, असा त्यांचा दंडकच होता.

"आपलं नाव काय ठेवायचं?" विलार्ड विचारी. "चांगले पक्षी सगळे दुसऱ्या पोरांनी पळवले."

"कोंबडे ठेवा!" दुसऱ्या मजल्यावरून गॅस्किन्सबाई ओरडत. "आणि रॉस्को, पाय पुसून चढ रे, मेल्या!"

एकदा त्यांना एका स्टुडिओत गाण्याची तबकडी काढायला बोलावणं आलं. तिथल्या भिंतींना जाड कापूस लावलेला. गाणं उभंच राहिलं नाही. परत आल्यावर अलोंझो माझ्या भिंतीला पाठ टेकून म्हणाला, "आपला पाचवा गडी इथेच राहिला होता." एवढी शाबासकी मला जन्मभर पुरली.

तीस वर्षं गेली. पोरं कामाधंद्याला लागली, माझ्या फरशा तडकल्या. मग रॉस्को वारला. दफन झालं त्याच दुपारी त्याचे तिघे मित्र आले, सोबत त्याची लेक व्हर्लीन. घरी तो गप्पच असे. तिने त्याला गाताना कधी ऐकलं नव्हतं, आणि आवाज कुठे जपलेलाही नव्हता. सोमवारी तर माझ्यावर गालिचा आणि भिंतींवर आवाज गिळणारे तक्ते बसणार होते.

"काका, एकदाच गा," ती म्हणाली. "गाण्यात बाबा कुठे असायचे, तेवढं तरी कळू दे मला."

तिघे आपापल्या पायऱ्यांवर उभे राहिले. खालची मोकळी ठेवली. अलोंझोने श्वास घेतला. कुणीच गाईना.

"कर की सुरू," क्लेटस म्हणाला.

"मी? मी कधी सुरू केलंय?"

सुरुवात कुणाची, हेच तिघे विसरून गेले होते.

मग खालून आलं, 'डूम, डूम'. जुन्या सवयीने तिघांनी आपापले सूर लावले. संपेपर्यंत त्यांच्यातल्या एकानेही खाली पाहिलं नाही. व्हर्लीनने पाहिलं. पायरी रिकामी होती. तिच्या मुठीतला कठडा मात्र थरथरत होता.

दुसऱ्या मजल्यावर दार किलकिलं झालं. "रॉस्को, पाय पुसलेस का रे?" गॅस्किन्सबाईंनी विचारलं. आणि मग दार अगदी हळू लावून घेतलं.

सोमवारी गालिचा आला. व्हर्लीनने कामगारांना विनवून खालची पायरी तेवढी उघडी ठेवून घेतली. दर रविवारी ती येते, ती पायरी ओल्या फडक्याने पुसते आणि तिच्या वरच्या पायरीवर बसून राहते. माझे कान बुजले आहेत; मी तिला काही देऊ शकत नाही.

मित्रांनो, घरातलं माणूस गुणगुणत असेल तर हातातलं काम ठेवून ऐका. जिन्याच्या भरवशावर राहू नका. आवाज साठवणं मला येत नाही. दिलेला तेवढा मी परत करतो.

त्या दुपारी तो मला कुणी दिला, ते मला अजून कळलेलं नाही.