तीन आणि चारच्या मधला रंग

अण्णांनी दुरुस्त केलेला रेडिओ कधी कधी कालच्या बातम्या आज सांगतो, असं गल्लीत बोललं जाई. अण्णा ते नाकारत नसत. "दोनदा ऐकल्या म्हणून काय बिघडलं? नीट समजतात तरी," म्हणत आणि पुढच्या रेडिओची पाठ उघडत. टीव्हीच्या बाबतीत तर त्यांचा दरारा असा, की बिघडलेला संच नुसता दुकानाच्या पायरीवर आणून ठेवला तरी त्याचे निम्मे रोग भीतीनेच पळून जात.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र बातम्या सांगणारी माणसं कायम आजारी दिसायची. हिरवट, निळसर, आत्ताच कुणीतरी तळ्यातून उपसून खुर्चीत बसवल्यासारखी. घरातल्या दोन्ही मुलींना, थोरलीला आणि धाकटीला, वाटायचं की बातम्या सांगणं हे प्रकृतीला मानवणारं काम नसावं. समज आल्यापासून तोच टीव्ही तसाच पाहिलेला, तेव्हा लोक असे दिसत नसतात हे त्यांना कोण सांगणार? आणि घरात एक कायदा होता. जगातल्या कुठल्याही यंत्राची पाठ खुशाल उघडा, पण घरच्या टीव्हीच्या मागे हात घालायचा नाही. का, ते अण्णांनी सांगितलं नव्हतं आणि मुलींनी विचारलं नव्हतं.

आई गेली तेव्हा थोरलीला नुकती समज येत होती आणि धाकटीचे दुधाचे दात पडत होते. आत्या चार दिवस राहायला आली आणि घर आवरून गेली. तिने ते इतकं चोख आवरलं, की आईचा रोजचा स्वेटरही जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात बाहेर गेला. मागे राहिले ते फोटो, आणि फोटो सगळे काळे-पांढरे. त्यांत आईचा स्वेटर करडा दिसायचा आणि आईही.

त्यानंतर काही वर्षांनी एक गिऱ्हाईक दुकानात कॉम्प्युटर टाकून गेलं, ते परत न्यायला आलंच नाही. कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा काय, एक जाडजूड कीबोर्ड, ज्याच्या पोटातच सगळं सामान. पडदा त्याला नव्हताच, घरचा टीव्ही जोडायचा. अण्णांनी पेटीला जीव दिला आणि मुलींच्या हवाली केली. "फुटली तर ओरडणार नाही. मात्र मला शिकवायला येऊ नका."

त्या पेटीत रंगांचे सोळा खण होते. कुठलाही खण उघडायचा आणि त्यात लाल किती, हिरवा किती, निळा किती ते सांगायचं. शून्य ते सात, त्याच्या वर नाही. बाकीची पोरं असल्या पेट्यांवर अंतराळयानं पाडत होती. या दोघींनी पहिल्याच दिवशी एक खण रिकामा केला आणि त्यात आईचा स्वेटर शोधायला बसल्या.

"हे काय, वांगं झालं," थोरली म्हणायची.

"वांगीच होता."

"वांगी नव्हता. वांगी आत्याचा कोट होता."

"मग जांभळा होता का?"

"जांभळाही नव्हता गं."

"मग कुठला होता ते तरी सांग ना, शहाणे!"

"आईचा होता," थोरली म्हणायची, आणि पुन्हा आकडे दाबायला लागायची.

सगळी सुट्टी त्यात गेली. धाकटी लाल वाढवायची, थोरली निळा उतरवायची, दोघी हिरव्यावरून भांडायच्या. एका दुपारी धाकटीने सहा, एक, चार असे आकडे दाबले आणि भांडण तिथेच थांबलं. थोरलीने तो रंग पडदाभर पसरला. स्वयंपाकघरातून कुणीतरी हात पुसत बाहेर येऊन उभं राहावं, तसा तो समोर उभा राहिला. अण्णा खालच्या दुकानातून काही विचारायला वर आले होते. दारातच थांबले. चष्मा काढून पुसला आणि तो न घालताच जिना उतरून गेले.

पेटी बंद केली की सगळं विसरायची. म्हणून रोज नव्याने आकडे द्यावे लागत. "सहा, एक, चार," धाकटी म्हणायची आणि आई यायची.

पुढे थोरली कॉम्प्युटरवर चित्रं काढायच्या नोकरीवर समुद्रापलीकडे गेली, तिथेच संसार मांडला. धाकटी दुकानात राहिली. अण्णांच्या कानांनी काम सोडलं, हात थरथरायला लागले, तेव्हा स्क्रूड्रायव्हर तिने उचलला. आणि एक दिवस थोरलीचा फोन आला. तिथल्या जुन्या बाजारात तिला अगदी त्याच जातीची पेटी मिळाली होती. तिची मुलगी आजीबद्दल विचारत होती, आणि दाखवायला काळ्या-पांढऱ्या फोटोंखेरीज काही नव्हतं.

"आकडे सांग ना. मी कशी विसरले कोण जाणे."

धाकटीने सांगितले. समुद्रापलीकडे टकटक झाली.

"हे काय सांगितलंस?"

"सहा, एक, चार."

"हा विदूषकाच्या नाकाचा रंग आहे!"

"तुझ्या डोळ्यांचं बघ काहीतरी."

"मुद्दाम केलंस ना? घर तुझं, दुकान तुझं, अण्णा तुझे. आईचा एक रंग मागितला तर तोही देववेना तुला."

"घर सोडून कोण गेलं? मी गेले का? आईचा रंग आठवेनासा झाला तर त्याला मी काय करू!"

हे बोलायला नको होतं, हे धाकटीला रिसीव्हर ठेवायच्या आतच कळलं. पण तोवर पलीकडून फोन आपटला होता. त्यानंतर थोरलीचे फोन आले ते अण्णांना. अण्णांना ऐकू येत नसे, तरी "हो, हो, इकडे सगळं छान" म्हणत. मग रिसीव्हर धाकटीकडे धरत, आणि तिच्या कानाशी येईपर्यंत त्यात फोन तुटल्याचा नुसता गुणगुणता आवाज उरलेला असे. धाकटी मनात पक्कं धरून बसली होती, की तिकडे गेलेली माणसं अशीच विसरतात. रुसण्याइतकं बळ मात्र अंगात नव्हतं. एखाद्या दुपारी दुकान रिकामं असलं की ती वर जाई, पेटी जोडी, आकडे देई आणि पडद्यासमोर चहा पिई. दोन कप करायची सवय गेली नव्हती. दुसरा अण्णा प्यायचे.

त्या दिवशी एका न्हाव्याचा टीव्ही दुरुस्त होऊन न्यायला तयार होता. चित्र सरळ येतंय का पाहायला धाकटीने हाताशी असलेलं यंत्र जोडलं, आणि ते यंत्र म्हणजे वरून पुसायला आणलेली ती पेटी. बोटांना जी सवय, ती त्यांनी केली. सहा, एक, चार.

न्हाव्याच्या टीव्हीवर विदूषकाचं नाक उगवलं. भडक, गुलबक्षी, निर्लज्ज.

ती म्हणाली, "पेटी गेली." पेटी उचलून वर नेली आणि घरच्या टीव्हीला जोडली. आई आली. पुन्हा खाली आणली. विदूषक. शेजारी स्टेशनरीवाल्याचा टीव्ही पडला होता, त्यावरही विदूषक. तिने इतक्या वेळा जिना चढ-उतार केला, की जिन्यालाही धाप लागली असेल. शेवटी ती मधल्या पायरीवर बसली. गावभरच्या टीव्हींची पाठ उघडणाऱ्या बाईला घरच्या टीव्हीचा रोग कळायला अर्धं आयुष्य लागलं होतं. त्यात लाल कमी होता. म्हणूनच तर त्या सुट्टीत लाल चढवत चढवत सहापर्यंत न्यावा लागला. थोरलीने तेच आकडे दाबले होते, आणि विदूषकच पाहिला होता.

"अण्णा!" ती त्यांच्या कानाशी ओरडली. "वरच्या टीव्हीचा लाल कुणी उतरवलाय?"

"ओरडतेस काय? मी."

"का?"

अण्णांनी हातातली तारांना डाग देण्याची, सोल्डरची कांडी स्टँडवर ठेवली. हल्ली ती गरम नसायचीच, नुसती हातात धरायला लागायची.

"तुझ्या आईला शेवटी शेवटी लाल सोसायचा नाही. डोळ्यांत घुसतो म्हणायची. म्हणून मागचा स्क्रू पिळत गेलो. ती 'बास' म्हणाली, तिथे थांबलो." मग कांडी पुन्हा उचलत म्हणाले, "तिथेच आहे तो."

धाकटीने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि फोन लावला.

"अण्णांना काही झालं का?" थोरलीने पहिलंच विचारलं.

"अण्णा ठणठणीत आहेत. तू बरोबर होतीस."

"कशाबद्दल?"

"विदूषकाबद्दल."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. धाकटीने सगळं सांगितलं. न्हाव्याचा टीव्ही, जिना, स्क्रू, आणि 'बास'. थोरली मधे एकदाही बोलली नाही, आणि तिच्या बाबतीत हे रेडिओने कालच्या बातम्या सांगण्याइतकंच नवल होतं.

"पेटी आहे का अजून?" धाकटीने विचारलं.

"माळ्यावर आहे. टाकवली नाही. थांब, ठेवू नकोस."

धूळ झटकल्याचा, शिंकल्याचा, वायर ओढल्याचा आवाज. मग, "हं, सांग."

"लाल सहा नको. तीन दे."

टकटक. "आजारी दिसते गं. शेवटच्या महिन्यातल्यासारखी."

"मग चार."

टकटक. "आता नटून कुणाकडे तरी निघाल्यासारखी. आपली नाही वाटत, पाहुण्यांची वाटते. मधलं काही नाही का? साडेतीन?"

"साडेतीन नसतं."

"निळा हलवून बघू?"

दोघींनी निळा हलवला, हिरवा हलवला. आई कधी चुलत मावशीसारखी दिसायची, कधी शाळेतल्या बाईंसारखी. जवळपास सगळ्याजणी येऊन गेल्या. आई तीन आणि चारच्या मधे कुठेतरी होती आणि त्या पेटीला मधलं ठाऊक नव्हतं. ते अण्णांच्या एका स्क्रूला ठाऊक होतं.

"राहू दे," थोरली म्हणाली. आवाज लहान झाला होता. "तू लाव तुझ्याकडे. लाव आणि मला सांग."

धाकटीने पेटी वर नेऊन जोडली, सहा, एक, चार दिले आणि वरचा फोन उचलून ती टीव्हीसमोर बसली. टीव्हीची नळी म्हातारी झाली होती, रंग यायला वेळ घ्यायची. आधी हिरवट उजेड, मग निळा, आणि सगळ्यांत शेवटी, पायात चप्पल शोधत असल्यासारखा, लाल.

"आली?"

"आली."

"कशी आहे?"

सपाट रंग. कडेपासून कडेपर्यंत एकच. त्यात सांगण्यासारखं काय असतं? धाकटी बघत राहिली.

"कोपरापाशी जरा विरलाय," ती म्हणाली.

थोरलीला कॉम्प्युटरमधलं तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. पडद्याला कोपर नसतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"उजव्या की डाव्या?" तिने विचारलं.

"उजव्या. आणि वरून दुसरं बटण सैल आहे. लोंबतंय नुसतं."

"तिला किती वेळा सांगितलं, वेळेवर शिवून टाक म्हणून."

"ऐकते कुठे?"

दोघी हसल्या, आणि हसता हसता कुणाचं तरी नाक वाजलं. कुणाचं, ते इतक्या लांबच्या फोनवर कळत नाही. जिन्यावर अण्णांची पावलं वाजली. ते दारात येऊन उभे राहिले. या वेळी चष्मा पुसला आणि घातला.

"ऐक," थोरली म्हणाली. "लगेच बंद कर तो. नळी जपून ठेव. अण्णांना म्हणावं, स्क्रूला हात लावू नका. आणि ते बटण तू शिवू नकोस, तुला धड गाठ मारता येत नाही. मी येऊन शिवते."

"कधी?"

"सुई-दोरा काढून ठेव तोवर."

धाकटीने टीव्ही बंद केला. मग शिवणाचा डबा पुढ्यात ओढला आणि रिळं एकेक करून खिडकीच्या उजेडात धरू लागली. एक वांगी निघालं, एक जांभळं. तिने दोन्ही परत ठेवली आणि आणखी खाली हात घातला.